नवव्या मजल्यावरचे सात बाप

जाहिरात, पहिली
एका खोलीचा प्रशस्त फ्लॅट विकणे आहे. नववा मजला, लिफ्ट, खिडकीतून डोंगर. विकण्याचं कारण: विस्तार.

यातली लिफ्ट खरी होती. डोंगरही होते, पण समोर त्याच बिल्डरने तसाच दुसरा टॉवर उभा केल्यापासून ते बघायला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागे, आणि मेदेरच्या बायकोने, बुरुलने, त्याला शपथ घातली होती की गिऱ्हाइकाला असं वाकायला सांगायचं नाही. ‘प्रशस्त’ हा शब्द दलालीणबाई चोल्पोनचा. मेदेर बिश्केकच्या एका शाळेत भूमिती शिकवायचा. ज्या खोलीत पलंग, सोफा आणि टेबल एकमेकांना टेकून उभे आहेत तिला प्रशस्त म्हणताना त्याला परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटत होतं.

“आणि विस्तार म्हणजे काय?” त्याने विचारलं.

“म्हणजे तुम्हाला मोठं घर घ्यायचंय, अगाय.” मास्तर म्हणून शाळेतल्या पोरांपासून दलालांपर्यंत सगळेच त्याला अगाय म्हणत.

“मोठं नकोय. जमिनीवरचं हवंय.”

“जमिनीवरचं कशाला, असं विचारतील. मग काय सांगाल?”

मेदेरने पलंगाकडे पाहिलं. विकण्याचं कारण पलंगावर पडून दोघांचं बोलणं ऐकत होतं.

“सांग की, बाप मरायला टेकलाय,” कारण म्हणालं. “त्यात लाज कसली? मी काय कुणाचं चोरून मरतोय?”

चोल्पोनने ‘विस्तार’ तसंच ठेवलं.

कालिल अता, म्हणजे मेदेरचे वडील, उन्हाळ्याच्या शेवटी डोंगरातल्या गावाहून उपचाराला आले होते. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिले आणि सांगितलं, घरी न्या. कुठल्या घरी, ते सांगितलं नाही. रिवाजाप्रमाणे बापाचं घर धाकट्या मुलाचं. धाकट्याने ते एका दुपारीत विकलं आणि रशियाला निघून गेला. मेदेरला भावाचा राग होता, पण त्याहून जास्त त्या दुपारीचा हेवा होता.

अता काही फार मागणारे गृहस्थ नव्हते. जेवण दोन घास, औषध अर्धं. मागणी एकच, आणि ती सकाळच्या नमाजानंतर रोज न चुकता व्हायची.

“मला त्या पेटीतून उभा खाली नेऊ नकोस.”

पेटी म्हणजे लिफ्ट. तीन माणसं पोट आत ओढून मावतील एवढी. माणूस मेला की त्याला अंगणात उभारलेल्या नमद्याच्या तंबूत, बोझुयमध्ये, आडवं ठेवायचं. बायकांनी आत बसून रडायचं, मुलांनी बाहेर काठीवर रेलून रडायचं, आणि मग माती. दुसरा मार्ग अतांना ठाऊक नव्हता. शहराच्या जुन्या वस्त्यांमध्ये चार मजली इमारतींच्या अंगणांत आजही बोझुय उभे राहतात आणि त्यांच्या बाजूने लोक दूध आणायला जातात. पण या टॉवरचं अंगण म्हणजे खालच्या पार्किंगचं छप्पर, आणि त्यावर हिरवं रबर. दारात पाटी: चेंडू नको, शेकोटी नको, मेंढी कापू नये, कुत्रे आणू नयेत. त्याखाली, कुणीतरी मागाहून डोकं चालवून, वेगळ्या रंगात: बोझुय नको.

शहराबाहेर सैकाल एजे नावाच्या एका विधवेचं मातीचं घर विकायला होतं. अतांना टॅक्सीत घालून तिथे नेलं, तर त्यांनी घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. अंगणाच्या मधोमध उभे राहिले, टाचेने जमीन ठोकली आणि म्हणाले, “इथे चांगलं मरता येईल.” सैकाल एजेला हे घराचं कौतुक वाटलं. बर्फ पडेपर्यंत घर राखून ठेवीन, असं तिने कबूल केलं. नाहीतरी तिला दुसरं कोण विचारत होतं? बाजारच तसा होता. अख्ख्या शहरात एका खोलीचे फ्लॅट विकायला होते, आणि हा नक्की घेईल असं ज्याच्याकडे बघून वाटावं तो स्वतःचाच विकायला बसलेला असायचा.

तेव्हा शर्यत अशी होती: आधी फ्लॅट जातो की आधी अता. दोघांचीही चाल मंद होती.

जाहिरात, पहिलीच (भाव थोडा कमी)

पहिलं गिऱ्हाईक इलियास. लग्न ठरलेला मुलगा, हातात मोजपट्टी. त्याला सासऱ्याकडून अक्रोडाचं अखंड कपाट मिळणार होतं आणि ते कपाट मावेल असं घर तो शोधत होता. त्याने भिंत मोजली, दार मोजलं, लिफ्ट मोजून मान हलवली आणि मग जिना मोजत थेट तळापर्यंत उतरून परत वर आला.

“चौथ्या मजल्याचं वळण वाईट आहे, अगाय,” तो धापा टाकत म्हणाला. “पण होईल. भिंतीकडची बाजू जरा वर उचलायची. कपाट उभं करावं लागणार नाही.”

मेदेरने आनंदाने त्याच्यासाठी सोफ्यावर जागा केली. तोपर्यंत बुरुलने चहा आणि नान ठेवलं होतं. घरात आलेल्या माणसाने नानाचा तुकडा मोडल्याशिवाय उंबरा ओलांडू नये, मग तो पाहुणा असो नाहीतर मीटर बघायला आलेला. इलियास बसला. आणि पलंगावरून प्रश्न आला.

“बालाम, पोरा, तू कुणाचा?”

इलियासने तुकडा खाली ठेवला आणि आपल्या सात बापांची, म्हणजे बापापासून वर सात पिढ्यांची, नावं पाढे म्हणावेत तशी म्हटली. सहाव्या नावाला अतांनी हात वर केला.

“साते? घोड्यावरून पडून लंगडा झालेला?”

“तोच, अता. लंगडा साते.”

“अरे, तो आमचाही साते. माझ्या पणज्याचा बाप.” अता उशीवर उठून बसले. गेल्या महिन्याभरात ते स्वतःहून उठून बसले नव्हते. “बुरुल, याला साय घाल. हा माझा नातू आहे.”

झालं. आपल्या माणसाशी घासाघीस कोण करतो? इलियासला भाव कमी कर म्हणायची लाज, मेदेरला पुरा भाव सांगायची लाज. शेवटी इलियास उठला, मोजपट्टी खिशात घातली, उरलेलं नान बुरुलने त्याच्या आईसाठी बांधून दिलं. “काकाच्या डोक्यावरचं छप्पर मी विकत कसं घेऊ?” असं दारात म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी तो घोड्याच्या मांसाचं सॉसेज घेऊन अतांची विचारपूस करायला आला. त्याच्या पुढच्याही रविवारी आला.

“अता, गिऱ्हाइकाला असलं काही विचारू नका,” मेदेर म्हणाला.

“मग काय विचारू? पगार?”

टॉवरच्या फोनवरच्या गटात

तिसरा मजला: अगाय, फ्लॅट अजून आहे का?
मेदेर: आहे.
सहावा मजला: भाव उतरवा.
सातवा मजला: खबरदार उतरवलात तर. आमचेही उतरतील.
तिसरा मजला: घरात आर्चाचा धूर फिरवा. नजर लागलीये. माझ्या मेहुणीने फिरवला, तिचा विकला गेला.
अकरावा मजला: किती दिवसांनी?
तिसरा मजला: दोन वर्षांनी.
सातवा मजला: तुमच्या अतांना सांगा, खोकायचं असेल तर गिऱ्हाईक गेल्यावर.
रायसा फ्योदोरोव्हना, अध्यक्ष: या गटात फक्त पाण्याच्या पंपाविषयी बोलावे.

मेदेरचा नजरेबिजरेवर विश्वास नव्हता. बुरुलचाही नव्हता, पण धूर फिरवायला विश्वास कशाला लागतो? तिने डोंगरी आर्चाच्या वाळक्या काड्या तव्यावर पेटवल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवल्या. धूर सुगंधी होता. छतातल्या यंत्राला सुगंध कळत नव्हता. अख्खा टॉवर बोंबलायला लागला, लिफ्ट नियमाप्रमाणे बंद पडली, छतातून पाणी सुटलं, आणि सगळे मजले गाऊन-चपलांवर जिन्याने खाली पळाले. मेदेर आणि बुरुल पळाले नाहीत. अतांना जिन्यावरून कसं नेणार? बुरुलने त्यांच्यावर छत्री धरली आणि मेदेर ओल्या खोलीत उभा राहून यंत्राकडे बघत राहिला.

“खरीच आग लागली असती म्हणजे?” तो म्हणाला.

“तर आडवाच गेलो असतो,” अता छत्रीखालून म्हणाले. त्या दिवशी त्यांची तब्येत बरी होती.

रायसा फ्योदोरोव्हनाने दंड लावला. भिंतीवर ओलीचा मोठा डाग उमटला, आणि तो झाकायला बुरुलने तिच्या माहेरचा लाल गालिचा भिंतीवर टांगला. खोलीला एकदम शोभा आली. चोल्पोनने नवा फोटो काढला.

जाहिरात, दुसरी
एका खोलीचा फ्लॅट. उबदार, पारंपरिक सजावट. विकण्याचं कारण: कौटुंबिक.

सजावट बघून तोलोमुश आला. हा गुरांचा व्यापारी, दाराएवढा रुंद. मुलगी शहरात शिकायला येणार होती, तिच्यासाठी घर. आला तोच खिशातून हात न काढता म्हणाला, “घेतो.” मेदेरने अतांकडे विनवणीच्या नजरेने पाहिलं. अतांनी डोळे मिटले होते.

“सलाम, अता,” तोलोमुश म्हणाला.

“सलाम, बालाम,” अता डोळे मिटूनच म्हणाले. “तुझी आई कुणाची?”

बापांची नावं विचारायची नाहीत, असं ठरलं होतं. आईविषयी काही ठरलं नव्हतं. चहाचा दुसरा पेला संपेपर्यंत सिद्ध झालं की तोलोमुशची आई अतांच्या भाऊबंदांतली. म्हणजे तोलोमुश या घरचा भाचा.

भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले, असं आमची म्हातारी माणसं म्हणतात. कारण लांडगा निदान दाराबाहेरचं नेतो. भाच्याचा मामाच्या घरातल्या हव्या त्या वस्तूवर हक्क असतो, आणि त्याला नाही म्हटलं तर सात पिढ्या नाव निघतं. तोलोमुशला या नात्याने खरोखर भरून आलं. त्याने अतांच्या हातांचं चुंबन घेतलं, डोळे पुसले, आणि मग खोलीभर नजर फिरवली.

“नको,” बुरुल पुटपुटली.

“मामा,” तोलोमुश मेदेरला म्हणाला. तो मेदेरपेक्षा वयाने मोठा होता. “तो गालिचा.”

गालिचा गुंडाळून खांद्यावर टाकून तो लिफ्टमध्ये शिरला. लिफ्टमध्ये तो आणि गालिचा एवढेच मावले. फ्लॅट अर्थातच घेतला नाही. भाच्याने मामाला पैसे द्यायचे म्हणजे मामाचा अपमान, आणि हा अपमान मेदेरने आनंदाने सोसला असता, पण त्याला कुणी विचारलं नाही. मागे भिंतीवर डाग राहिला. तो आता पहिल्यापेक्षा मोठा दिसत होता.

जाहिरात, तिसरी
एका खोलीचा फ्लॅट. दुरुस्तीला वाव. भाव बोलून ठरवू. विकण्याचं कारण: तातडीचं.

चोल्पोन स्वतः येऊन सोफ्यावर बसली आणि तिने आवाज खाली आणला. त्या खोलीत आवाज खाली आणण्याने काही साधत नसे.

“अगाय, राग मानू नका. फ्लॅट रिकामा दाखवायचा असतो. खोलीत माणूस... पडलेला असला की गिऱ्हाईक घाबरतं. उद्या नवराबायको येतायत. दातांचे डॉक्टर आहेत, सादिर म्हणून. तेवढा वेळ यांना खाली गाडीत बसवा.”

“मला हलवा,” अता म्हणाले. “मी सोफा आहे.”

दुसऱ्या दिवशी मेदेरने त्यांना कोट, टोपी, दोन शाली घातल्या आणि लिफ्टपर्यंत धरून आणलं. अता दाराशी थांबले. मग आत गेले. उभं राहायची ताकद नव्हती, बसायला जागा नव्हती. मेदेरने त्यांना काखेत हात घालून आरशाला टेकवून धरलं. लिफ्ट खाली निघाली आणि पाचव्या-चौथ्याच्या मध्ये कुठेतरी थांबली.

दोघे बराच वेळ तसेच उभे होते. आरशात मेदेरला बापाचा मागचा भाग दिसत होता, टोपीखालची बारीक झालेली मान. भूमितीत उभ्या रेषेला आधार लागत नाही.

“रंगीत तालीम,” अता म्हणाले.

“माफ करा, अता.”

“जिवंत आहे तोवर ठीक आहे. जिवंत माणूस कसाही जातो.” श्वास घेण्यासाठी ते थांबले. “पण मेल्यावर नको. मेल्यावर मला वाकता येणार नाही, आणि ही तुझी पेटी मला वाकवील.”

लिफ्ट हलली. तळाला दार उघडलं, तर समोर चोल्पोन आणि दातांचे डॉक्टर सादिर, सपत्नीक, वर जायला उभे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला आरशाशी दाबून धरलेलं बघून चोल्पोनचा चेहरा पडला. सादिर मात्र वळणाचा माणूस होता. त्याने छातीवर हात ठेवला आणि सलाम केला.

“बालाम,” अता मेदेरच्या खांद्यावरून म्हणाले, “तू कुणाचा?”

सगळे परत वर गेले. दोन फेऱ्यांत. वर असं निघालं की अतांची चुलत आजी सादिरच्या घराण्यात दिलेली होती, म्हणजे सादिर व्याही. नात्यांत व्याह्याच्या वर कुणी नाही. बुरुल काही न विचारता मांस आणायला गेली. व्याह्याला उखडलेल्या भिंतीखाली मानाच्या जागी बसवलं, मानाचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला, आणि जेवण झाल्यावर अतांनी मेदेरकडे पाहिलं. व्याही पहिल्यांदा घरी आला की त्याच्या अंगावर वस्त्र घालायचं असतं. घरात नवं वस्त्र एकच होतं. मेदेरचा हिवाळी कोट.

मेदेरने तो स्वतःच्या हाताने सादिरच्या खांद्यांवर चढवला. व्यवस्थित बसला. त्याला जरा जास्तच व्यवस्थित बसला. “व्याह्यांच्या घराला भाव कसा लावणार?” सादिर जाताना गहिवरून म्हणाला, आणि मेदेर दुसऱ्या दिवशी थंडीत दोन स्वेटर घालून शाळेत गेला. वर्गात पोरं हसली नाहीत, हे त्याला जास्त लागलं.

दोन दिवसांनी पहिलं बर्फ पडलं. मेदेरने जीव मुठीत धरून सैकाल एजेला फोन केला.

“थांबते की,” ती म्हणाली. “इथे कुत्रंसुद्धा घर बघायला आलं नाही. अता कसे आहेत?”

“आहेत.”

“सांगा त्यांना, अंगण झाडून ठेवलंय.”

जाहिरात, चौथी
एक खोली. नववा मजला.

ही मेदेरने स्वतः लिहिली. कारणाची जागा त्याने रिकामी सोडली, आणि नेमका त्याच जाहिरातीवर एल्दियार आला. बाजारात फोन विकणारा मुलगा, पंचविशीचा, खांद्याला पिशवी. त्याने डाग पाहिला आणि म्हणाला, “रंग देईन.” खिडकी पाहिली, “डोंगर नकोत, हिवाळ्यात ऊन आलं म्हणजे झालं.” पैसे तयार होते. घासाघीस केली नाही.

“का विकताय, अगाय?” एल्दियारने सहज विचारलं.

मेदेर इतका थकला होता की त्याने खरं सांगितलं. पेटी, अंगण, टाचेने ठोकलेली जमीन. एल्दियारने टोपी काढली आणि पलंगाजवळ जाऊन बसला. अता एव्हाना फार बोलत नसत. पण हे विचारायला त्यांना दम उरला होता.

एल्दियारने नावं सांगितली. एकेक नाव मेदेर श्वास रोखून ऐकत होता, आणि एकेक नाव अनोळखी निघत होतं. सहा झाली.

“सातवा?” अता म्हणाले.

एल्दियारचा बाप तो लहान असताना गेला होता, आईला सहाच पाठ होती. “गावात काका आहे,” तो म्हणाला. “शनिवारी जाऊन विचारून येतो. मग कागद करू.”

“ये,” अता म्हणाले. “मी आहे.”

मेदेर त्याला पोचवायला जिन्यापर्यंत गेला. दार ओढून घेतलं. आयुष्यभर पोरांच्या बाकाखाली हात घालून चिठ्ठ्या पकडलेल्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं.

“हे बघ. काका काहीही म्हणू दे, तू दुसरंच एखादं सांग. फक्त साते, बायचोरो आणि एसेन ही आमच्या बापांची नावं घेऊ नकोस. बाकी कुठलंही चालेल.”

एल्दियारने त्याच्याकडे असं पाहिलं की मेदेरला आपले दोन स्वेटर आठवले.

“बापाचं नाव खोटं कसं सांगू, अगाय?”

अता शुक्रवारी गेले. दुपारी, जेवणानंतर. मेदेर तेव्हा शाळेत फळ्यावर समांतर रेषा काढत होता. घरी आला तेव्हा बुरुलने जबडा रुमालाने बांधला होता, हात सरळ केले होते, आणि खोलीत उभं राहायला जागा नव्हती म्हणून ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती.

“काही म्हणाले?”

“शनिवार झाला का, विचारलं.”

मेदेरने सोफ्याच्या हातावर बसून फोन घेतला. गावाकडची माणसं पोचायला रात्र होणार होती. शहरात कुणाला बोलवायचं? त्याला आठवेनात. मग आठवली ती तीनच नावं, आणि तिन्ही फ्लॅट बघून न घेतलेल्यांची होती.

इलियास तासाभरात आला. सादिर आला, कोट घालून. तोलोमुश ट्रक घेऊन आला, त्यात त्याचा स्वतःचा बोझुय, सगळ्या काड्या आणि नमद्यांसकट, आणि वर गुंडाळलेला लाल गालिचा.

रायसा फ्योदोरोव्हना मधल्या जिन्यात भेटली. घरच्या चपला, खांद्यावर शाल. “मी लिफ्ट अडवून ठेवते,” ती म्हणाली. तिच्या परीने तिचा तो मोठा नियमभंग होता.

“नको, बाई,” इलियास म्हणाला. “आम्ही जिन्याने.”

आणि मग जे झालं ते मेदेरने नंतर कुणाला नीट सांगितलं नाही. चौघांनी अतांना सतरंजीवर घेतलं. पुढे इलियास, मागे तोलोमुश, बाजूंना सादिर आणि मेदेर. मजल्यामजल्यावर दारं किलकिली होत होती. इलियास उलटा चालत होता, पायरीकडे न बघता, हलक्या आवाजात सांगत. सातव्यावर कठडा सैल आहे, हात टेकू नका. इथे पायरी उंच आहे. आता चौथा.

चौथ्या मजल्याच्या वळणावर सगळे थांबले.

“उभं नको करायला,” तो म्हणाला. “इलियास. उभं नको.”

“उभं नाही होणार, अगाय,” इलियास म्हणाला. “मी मोजलंय. भिंतीकडची बाजू जरा वर. बस. आता माझ्याकडे.”

कालिल अता आडवे खाली आले.

अंगणात अंधार पडायच्या आत बोझुय उभा राहिला, पाटीच्या बरोबर समोर. ती पाहुण्यांच्या गाड्यांची जागा होती, आणि तिथे उभी असलेली एक गाडी रायसा फ्योदोरोव्हनाची. तिने नमद्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, मग जाऊन स्वतःची गाडी काढली. “चूल रबरावर नको,” ती एवढंच म्हणाली. “तिकडे कुंड्यांपाशी मांडा.” गटात सातव्या मजल्याने विचारलं, हे किती दिवस चालणार? उत्तर कुणी दिलं नाही. आत, अतांच्या मागे, लाल गालिचा टांगला होता. भाच्याने नेलेली वस्तू परत आणल्याचं मेदेरने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

शनिवारी तो कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून, बोझुयबाहेर वाकून उभा होता. लोक येत होते. परके लोक गप्प चालत येतात आणि हात हातात घेतात. आपला माणूस मात्र लांबूनच, फाटकापासूनच, मोठ्याने रडत येतो. तो बापा म्हणतो की मामा म्हणतो त्यावरून, मान खाली घालून उभ्या असलेल्यालाही कळतं कोण आणि किती जवळचा. तोलोमुशचा आवाज ओळखू आला होता. गावचे चुलते ओळखू आले होते.

दुपारी फाटकातून एक तरुण आवाज आला. मोडलेला, सवय नसलेला.

“अताम रे. माझ्या बापा रे.”

मेदेरने वर पाहिलं नाही. वर बघायची गरज नव्हती. जुळलं सातवं, त्याच्या मनात आलं. साते, नाहीतर बायचोरो, नाहीतर एसेन. गेला फ्लॅट. आणि तो रडतच राहिला. त्या रडण्यात एक हुंदका फ्लॅटसाठी होता की काय, हे त्याला पुढे कधी ठरवता आलं नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सगळे आले. सैकाल एजे आली, तिचंही घर अजून विकलं गेलं नव्हतं. माणसं सोफ्यावर, जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर बसली, आणि बसू शकली, कारण पलंग आता नव्हता. एल्दियार दाराशी बसला होता.

“कोण निघाला?” मेदेरने त्याच्या पेल्यात चहा ओतत विचारलं.

“कोण कोण?”

“सातवा.”

एल्दियारने पेला दोन्ही हातांत धरला. “कुणीच नाही, अगाय. काकाला ठाऊक नाही. सगळ्या गावात कुणालाच नाही.”

“मग तू बापा म्हणत कसा आलास?”

“गावाहून आलो तो थेट इकडेच. फाटकातून आत आलो, तर समोर तंबू. तुम्ही वाकून उभे. ते म्हणाले होते ना, मी आहे म्हणून. तेवढं अंतर गप्प चालत येणं जमेना.”

मेदेरने किटली खाली ठेवली.

“म्हणजे तू परकाच होतास.”

“होतो.”

“तुला विकता आला असता.”

“मग विका की. पैसे आहेत अजून.”

“आता?” मेदेर म्हणाला. “चाळीस जणांदेखत त्यांना बाप म्हणून रडलास. आता तुझ्याकडून पैसे घेतले तर लोक थुंकतील माझ्यावर.”

एल्दियारने विचार केला. त्यातला न्याय त्यालाही दिसत होता. सोफ्यावरून इलियासने नानाची थाळी पुढे सरकवली आणि एल्दियारने तुकडा मोडला.

“मला एक सांगा,” तो खाता खाता म्हणाला. “उद्या माझी पोरं विचारतील. मी सातव्याच्या जागी कुणाचं नाव सांगू?”

बुरुलने त्याला साय वाढली.

सगळे गेल्यावर मेदेरने फोनवर जाहिरात उघडली, काढून टाकायला. जमिनीवरचं घर आता कुणाला हवं होतं? खोलीत सोफा आणि टेबल, मधे मोकळी फरशी. चोल्पोनचा तो पहिला शब्द आत्ता कुठे खरा झाला होता.

जाहिरात काढण्याचं कारण निवडा, फोन म्हणाला. विकले गेले. विचार बदलला. इतर.

त्याने ‘इतर’वर बोट ठेवलं. खाली एक छोटी चौकट उघडली: कारण थोडक्यात लिहा.

मेदेरने एकेक अक्षर शोधून आपले सात बाप लिहायला सुरुवात केली. कालिल. इसाक. मामिर. तुल्कू. साते. बायचोरो. पुढे एसेन लिहायला गेला तर अक्षर उमटेना. त्याने पुन्हा दाबलं. चौकट भरली होती. सातव्याला जागा उरली नव्हती.